काकूंची कमजोरी

"डॉक्टर साहेब, लय कमजोरी वाटून राहिली जी. एक बाटली लावून द्या. पिवळीवाली."

नागपुरात सक्करदऱ्यातल्या एका छोट्या दवाखान्यात आमच्या काकूंनी स्टुलावर टेकायच्या आतच निदान आणि उपचार दोन्ही सांगून टाकले. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून आतला रंग पाहिला. मग विचारलं, "आई, कमजोरी म्हणजे काय होते? दम लागते, झोप येते, का ताकदच लागत नाही?"

काकू बुचकळ्यात पडल्या. "कमजोरी म्हणजे… कमजोरीच ना जी."

खरं तर या बाबतीत मराठीला शब्दांचा तोटा नाही. दिवसभराच्या कामाने येतो तो शीण. रात्रीच्या झोपेने तो जातो. मरगळ अंगापेक्षा मनाची जास्त. तापात येते ती ग्लानी. घाबरल्यावर हातपाय गळतात आणि वारं गेलेला हात लुळा पडतो. पण दवाखान्याची पायरी चढलो की आपण हे सगळं एकाच पोत्यात भरतो आणि त्यावर 'कमजोरी' किंवा 'विकनेस' अशी चिठ्ठी लावतो. 'कमजोर' फारसीतून आला, कम अधिक जोर. 'अशक्त' संस्कृतातला. डॉक्टरी भाषेतला 'अस्थेनिया' ग्रीक, पण घडण अगदी 'अशक्त'सारखीच: 'स्थेनॉस' म्हणजे बळ, आणि त्याला नाकारणारा 'अ'. ग्रीक आणि संस्कृतचा हा 'अ' मुळात एकच.

डॉक्टरांना मात्र हे पोतं सोडावंच लागतं. रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असेल, तर स्नायू धडधाकट असतात, त्यांना प्राणवायू पुरत नाही. असा माणूस गहू भरलेला डबा एकदा सहज उचलेल, पण दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धापा टाकेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे 'रक्त कमी झालं असेल' हा घरगुती अंदाज पुष्कळदा खराही ठरतो. काकूंनी त्या अंदाजावर तीन महिने बिटाचा रस प्यायला होता.

खरी अशक्तता म्हणजे स्नायूने जोरच न लावणं. ती मोजायला डॉक्टर ० ते ५ अशी श्रेणी वापरतात. दुसऱ्या महायुद्धात मज्जातंतूंना इजा झालेले सैनिक तपासण्याच्या काळात, १९४३ साली, ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ती छापली. ० म्हणजे स्नायू जरासाही आकसत नाही. ३ म्हणजे हात स्वतःच्या वजनासकट उचलता येतो, पण कुणी दाबला तर खाली जातो. ५ म्हणजे व्यवस्थित. यात एक गोम आहे. मांडीचे स्नायू इतके दांडगे असतात की त्यांची निम्मी ताकद गेली तरी डॉक्टरांच्या हाताला ते पुरून उरतात. म्हणून हुशार डॉक्टर मांडी दाबत बसत नाहीत, जमिनीवर बसवून 'हात न टेकता उठा' म्हणतात. पायातली चप्पल आपोआप निसटते का, हेही विचारतात. उठता न येणं ही मांडी-कमरेची तक्रार, चप्पल निसटणं पावलाची, आणि दोन्हींची कारणं बहुधा वेगळी.

मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारात तर पहिली पोळी नीट चावली जाते आणि दुसरीला जबडा दमतो. सकाळी टक्क उघडे असलेले डोळे संध्याकाळी मिटायला लागतात. शरीरानेच तयार केलेली प्रतिद्रव्यं मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाहीत. लोंबलेल्या पापणीवर दोनेक मिनिटं बर्फ धरला की ती बऱ्याचदा वर उठते, कारण गारव्यात हा निरोप जरा बरा पोचतो.

आणि अचानक, एकाच बाजूला आलेली कमजोरी? ती सकाळपर्यंत थांबवायची नसते. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आपण ज्याला सरसकट लकवा म्हणतो, त्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ नुसतं तोंड वाकडं होणं एवढाच होता.

विदर्भाला तर एक फार वेगळी कमजोरी ठाऊक आहे. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत उरलेल्या ओलीवर लाखोळी हे कडधान्य पेरतात. दुष्काळात बाकी सगळं करपलं तरी ही तग धरते. तिच्यात ओडॅप नावाचं द्रव्य असतं. वरणात अधूनमधून खाल्ली तर बिघडत नाही, पण दोन-तीन महिने पोट तिच्यावरच भरलं, तर पायांना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी कायमच्या मरू शकतात. गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की हे पाय लुळे पडत नाहीत, ताठरतात. जोर बराचसा शिल्लक असतो, पण पाय एकमेकांत अडकतात आणि माणूस चवड्यांवर, काठी टेकत चालतो. १९६१ साली लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. भिजवून पाणी फेकून दिलं की विष बरंच उतरतं, हे मात्र जुन्या बायकांना प्रयोगशाळेशिवाय माहीत होतं.

काकूंना सतरंजीवर बसवलं. उठताना त्यांनी आधी गुडघ्यावर हात टेकला, मग टेबलाचा पाय धरला. हिमोग्लोबिन १२.४ निघालं, म्हणजे रक्त ठीकच. ड जीवनसत्त्व मात्र ११, निदान २० तरी हवं होतं. मे महिन्यात ४५ अंश पार करणाऱ्या नागपुरात उन्हाचंच जीवनसत्त्व कमी! पण काकू दुपारभर कूलरसमोर, बाहेर निघाल्या तर डोळे सोडून सगळं दुपट्ट्यात. बंद काचेतून येणारं ऊनही यात फुकट जातं, कारण लागणारे किरण काच अडवते. हे जीवनसत्त्व कमी पडलं की हाडांबरोबर मांड्यांचे स्नायूही ढिले पडतात.

"मग बाटली?" काकूंनी विचारलं.

डॉक्टरांनी हिशेब मांडला. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरात साडेचार ग्रॅम मीठ, बाकी पाणी. ग्लुकोजवाली घेतली तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे चार-पाच चमचे. पिवळा रंग त्यात टोचलेल्या जीवनसत्त्वांचा.

काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं. गोळ्यांची चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. रिक्षात बसल्यावर मला हळूच म्हणाल्या, "तिकडे महाल भागातला डॉक्टर लावून देते म्हणतात. उद्या जाऊन पाहू का?"