पार्श्वभूमी: लघुचित्रांच्या फ्रेम सीलबंद कशा झाल्या

भारतीय लघुचित्रं भिंतीवर टांगायला काढलेलीच नव्हती. ती मुरक्क्यात, म्हणजे चित्रांच्या अल्बममध्ये, बांधली जात, नाहीतर कापडी बासनात गुंडाळून ठेवली जात. पाहायची तेव्हा हातात घ्यायची आणि परत बासनात. काचेची फ्रेम त्यांच्या वाट्याला पुष्कळ उशिरा आली. १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या राजा रविवर्मांच्या छापखान्याच्या ओलिओग्राफांमुळे (तैलचित्रांसारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील चित्रांमुळे) काच-फ्रेम घरोघरी पोचली, आणि बऱ्याच लघुचित्रांनाही तीच बाजारी फ्रेम मिळाली: काच थेट रंगाला टेकलेली, मागे पिवळा स्ट्रॉबोर्ड, त्यामागे फळ्या, वर ठोकलेले बारीक खिळे.

अशी फ्रेम उघडली की नुकसानीचा नकाशाच समोर येतो. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ असते, कारण आम्लयुक्त पुठ्ठ्याची कापलेली कड तिथे कागदाला भिडते. पाठीवर सरळ उभे पट्टे दिसतात. ते नेमके दोन फळ्यांच्या फटींसमोर असतात, कारण बाहेरची हवा तिथूनच आत शिरते. चिकटपट्टीच्या जागी पिवळा डाग असतो. पट्टी गळून गेली तरी तिचा गोंद कागदात मुरलेला राहतो. शिवाय काचेला चिकटलेला रंग आणि खळीच्या वासावर आलेल्या कसरीने खाल्लेला पृष्ठभाग.

फ्रेममध्ये कोणतं साहित्य वापरायचं हा प्रश्न, इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये १९६६ साली पुरात असंख्य पुस्तकं आणि कलाकृती भिजल्या, त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत बराचसा मिटला. सुती लगद्याचा बोर्ड, त्यात दोन-तीन टक्के कॅल्शियम कार्बोनेट, जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या न आंबवलेल्या चिकाची खळ यावर आज फारसं दुमत नाही. पट्ट्या फक्त वरच्या कडेला लावायच्या. चारही बाजू चिकटवल्या तर ओलीत फुगलेल्या कागदाला जायला जागा राहत नाही आणि तो सुरकुततो. पट्टी चित्राच्या कागदापेक्षा नाजूक हवी, म्हणजे ताण आला तर ती फाटेल, चित्र नाही. उजेडाची ५० लक्सची मर्यादाही रुळली आहे.

वाद उरला तो वेगळाच: फ्रेम हवाबंद करायची की तिला ‘श्वास’ घेऊ द्यायचा?

५० ते ५५ टक्के आर्द्रतेचा जुना दंडक हिवाळ्यात गरम कराव्या लागणाऱ्या पाश्चात्त्य इमारतींतून आला. मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता ८०च्या वर असते, तर दख्खनच्या पठारावर एप्रिलच्या दुपारी ती ३०च्या खाली जाते. दिवसभर एसी आणि रात्री बंद, ही तर आपल्याकडची नेहमीची तऱ्हा. पुढे मोठ्या संग्रहालयांनीच मर्यादा ४० ते ६० टक्क्यांपर्यंत सैल केली, पण आपला पावसाळा त्यातही बसत नाही. मग खोली सांभाळण्याऐवजी फ्रेमच्या आतली हवा सांभाळावी, हा विचार पुढे आला.

‘श्वास’वाल्यांची मुख्य भीती अशी की आत कोंडलेल्या दमटपणाने बुरशी येईल. भीती खोटी नाही, पण रोख चुकीचा आहे. ५० बाय ७० सेंटिमीटरच्या फ्रेममध्ये ५ मिलिमीटरची पोकळी धरली तर हवा पावणेदोन लिटर भरते. २५ अंश तापमानाला आणि ५० टक्के आर्द्रतेला त्या हवेत पाणी असतं जेमतेम ०.०२ ग्रॅम. त्याच आकाराच्या दीड मिलिमीटर जाडीच्या दोन सुती बोर्डांत मात्र सुमारे ४० ग्रॅम. म्हणजे आतली आर्द्रता हवा ठरवत नाही, बोर्ड ठरवतो. जुलैत उघड्यावर पडलेला बोर्ड याच्या जवळपास दुप्पट पाणी धरून असतो. तो तसाच सील केला की बुरशी आलीच. दोष सील करण्याचा नाही, सील केलं त्या दिवसाचा आहे.

म्हणून जिथे ही पद्धत नीट चालते तिथे काम शक्यतो डिसेंबर-जानेवारीत काढतात. चित्र, माउंट, पाठीचा बोर्ड, सगळं सुटं करून ५० टक्क्यांच्या आसपासच्या खोलीत निदान आठवडाभर ठेवतात. मग काच, कडेने अंतर राखणाऱ्या पट्ट्या, खिडकीचा माउंट, चित्र, मागचा बोर्ड आणि शेवटी ॲल्युमिनियमचा थर असलेली पॉलिस्टर शीट, असा गठ्ठा रचून चारही कडा त्याच जातीच्या टेपने बंद करतात. टेप काचेवर दोन-तीन मिलिमीटरच येते, म्हणजे फ्रेमच्या खाचेत लपते. वसली, म्हणजे लघुचित्राचा एकावर एक चिकटवलेल्या कागदांचा जाड कागद, घोटलेली आणि थरांची असल्यामुळे कोरड्या हवेत वाकते. त्यामुळे काचेपासून किमान ५ मिलिमीटर अंतर लागतं. रंग सुटत असेल तर ॲक्रिलिक बाद, कारण त्याची स्थिर वीज रंगाचे कण ओढून घेते. तिथे लॅमिनेटेड काच, वजन सोसून. पाठ स्क्रूने बसवायची. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला रंग झडतो.

विरोधकांचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. जुन्या कागदातून निघणारी आम्लं बंद फ्रेममध्ये आतच साठतात, आणि जंगालाचा, म्हणजे तांब्यापासून बनवलेला, हिरवा रंग असलेल्या चित्रांत कागद आधीच खाल्लेला असतो. त्यावर उपाय म्हणून आम्ल शोषणारे बोर्ड आले. त्यांची क्षमता कधीतरी संपते. वॉशिंग्टनमधले अमेरिकेचे मूळ राष्ट्रीय दस्तऐवज (स्वातंत्र्याचा जाहीरनामा, राज्यघटना) १९५०च्या दशकात हेलियममध्ये सील केले होते. पुढे काचच खराब होऊ लागल्याचं दिसलं आणि २००३पर्यंत ते आर्गॉनच्या नव्या पेट्यांत हलवावे लागले. सीलबंद फ्रेमसुद्धा अधूनमधून उघडावी लागते. आपल्याकडे नेमकी हीच तरतूद अंदाजपत्रकात नसते. सोपा पर्याय म्हणजे पाठीच्या आत रंग बदलणारी आर्द्रतेची पट्टी लावायची आणि शीटमध्ये ती दिसेल एवढी पारदर्शक खिडकी ठेवायची.

बाहेरच्या भिंतीवर टांगलेल्या फ्रेमचं मात्र सील करूनही भागत नाही. भिंत पावसाने गार पडली की बोर्डातलं पाणी त्या बाजूला सरकतं आणि ओलसर डाग पाठीकडून सुरू होतो. खालच्या कोपऱ्यांना सेंटिमीटरभर जाडीचे रबरी गट्टू लावून मागून हवा खेळती ठेवली तर तो बराच टळतो.