खुलासा : स्पार्कवर टाकलं की मॉडेल लवकर शिकतं?

‘क्लस्टरवर स्पार्क लावा, काम हमखास लवकर होतं’ असं फॉरवर्ड होत राहतं. स्पार्क म्हणजे मोठा डेटा अनेक जोडलेल्या मशीनवर (क्लस्टरवर) वाटून हिशेब करणारं सॉफ्टवेअर. डेटा एका मशीनच्या मेमरीत मावत नसेल, तर ते बरोबरच. पण जळगावच्या केळीचे दहा वर्षांचे रोजचे भाव म्हणजे जेमतेम साडेतीन हजार ओळी. स्पार्क आधी जेव्हीएम (तो ज्यावर चालतो ते जावाचं इंजिन) सुरू करतो, कामाचे तुकडे पाडतो, ते वाटतो. शफलचे, म्हणजे ओळींची मध्येच फेरवाटणी होते तेव्हाचे, तुकडे मुळात २०० ठरलेले. प्रत्येकाच्या वाट्याला वीसेक ओळी, आणि हिशेबापेक्षा वाटपातच वेळ जातो. (नव्या आवृत्त्या बारीक तुकडे जोडतात; बाकी खर्च राहतोच.)

पडताळायला तीच फाइल, तेच मॉडेल स्पार्कमध्ये आणि सायकिट-लर्न या एकाच मशीनवर चालणाऱ्या पायथॉन लायब्ररीत चालवा. वेळ फाइल वाचण्यापासून अंदाज मोजून होईपर्यंत धरा, कारण निकाल मागेपर्यंत स्पार्क बरंचसं काम हातीच घेत नाही. मग ब्राउझरमध्ये ४०४० पोर्टवर दिसणाऱ्या स्पार्कच्या पानावर प्रत्येक तुकड्याचा वेळ बघा.