चकमक-संतुलन, लहान गटासाठी
चकमक-संतुलन : टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र साकारायच्या खेळात, खेळाडूंच्या पात्रांसमोर येणारे शत्रू त्यांच्या संख्येला व ताकदीला साजेसे बेतण्याची रीत. हे काम गेम मास्टरचे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचे. डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच एका खेळात त्याला ‘डंजन मास्टर’ किंवा ‘डीएम’ म्हणतात. नियमपुस्तके बहुधा चार-पाच खेळाडू धरून चालतात. दोघे-तिघेच जमले की हिशेब चुकतो. येथे त्याचाच विचार मुख्यतः डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या आधारे केला आहे.

उगम : या कल्पनेच्या आरंभाविषयी दुमत आहे. एक मत २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीतील ‘चॅलेंज रेटिंग’ला, म्हणजे राक्षसाची ताकद दाखवणाऱ्या अंकाला, आरंभ मानते. त्यानुसार अमुक रेटिंगचा राक्षस त्याच लेव्हलच्या (अनुभवाच्या पायरीच्या) चार पात्रांची साधारण एक-पंचमांश शक्ती, मंत्र व औषधे खर्ची पाडतो. दुसरे मत १९७४ पर्यंत मागे जाते. या खेळाचे जनक गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या मूळ संचातील तिसऱ्या पुस्तिकेत १ ते ३ जणांच्या तुकडीपुढे राक्षसांची मूळ संख्या, ४ ते ६ जणांपुढे सुमारे दुप्पट व ७ ते ९ जणांपुढे तिप्पट असा ठोकताळा दिला आहे. तुकडीच्या आकाराचा विचार यात उघडच असल्याने दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. मात्र त्याच संचात एका मोहिमेत ४ ते ५० खेळाडू चालतील असे म्हटले आहे, शिवाय पगारी सैनिक सोबत घेता येत. त्यामुळे लहान गटाची अडचण तेव्हा आजइतकी जाणवत नसावी.

गणित : फेरीत प्रत्येकाला एक पाळी मिळते. संख्या घटली की घाव घालण्याच्या संधी घटतात आणि उरलेल्यांवर पडणारे घावही वाढतात. फ्रेडरिक लँचेस्टर याने १९१६ मध्ये सैन्यांविषयी मांडलेला नियम, म्हणजे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते, येथे अंशतः लागू पडतो, कारण अरुंद दारात सगळ्यांना एकदम वार करता येत नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत राक्षसांच्या एकूण एक्सपीला (त्यांना हरवून मिळणाऱ्या अनुभव-गुणांना) राक्षस दोन असल्यास दीड, तीन ते सहा असल्यास दोन असा गुणक आहे. खेळाडू तिघांहून कमी असल्यास वरच्या पायरीचा गुणक घ्यायचा.

तिसऱ्या लेव्हलच्या पात्रांपुढे चार गॉब्लिन (लहानखुरे राक्षस) उभे करून पाहू. प्रत्येकी ५० प्रमाणे २०० एक्सपी. चार खेळाडूंसाठी दुप्पट, म्हणजे ४००. त्यांच्यासाठी ‘सोपी’ चकमक ३०० पासून व ‘मध्यम’ ६०० पासून सुरू होते, म्हणून ही चकमक सोपी. दोघांसाठी अडीचपट, म्हणजे ५००. त्यांच्यासाठी ‘कठीण’ ४५० पासून सुरू होते, म्हणून तीच चकमक कठीण. २०२४ च्या नियमांत गुणक वगळला आहे. तेथे हेच २०० एक्सपी दोघांच्या सर्वांत खालच्या, ३०० च्या मर्यादेतही बसतात. हिशेब सुटसुटीत झाला हे खरे, पण दोन-तीन खेळाडूंच्या टेबलावर जुना गुणक राखणेच हिताचे.

उपाय : शत्रू कमी करणे किंवा टप्प्याटप्प्याने आणणे हा सर्वांत सरळ उपाय. पाचव्या आवृत्तीच्या २०१९ मधील इसेन्शल्स किटमध्ये डीएम व एकच खेळाडू असा खेळ चालावा म्हणून ‘साइडकिक’ हे सोबती पात्र दिले. पाथफाइंडर या दुसऱ्या एका रोलप्लेइंग गेमच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) चौघांतील प्रत्येक गैरहजर पात्रामागे चकमकीच्या बजेटमधून ठराविक गुण वजा होतात.

एक्सपी जुळवूनही एक धोका उरतो. चौघांतला एक कोसळला तर पाव बळ जाते, दोघांतला कोसळला तर निम्मे. पडलेला दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकतो. तीन यश मिळण्याआधी तीन अपयश आले तर मृत्यू. २०१४ च्या नियमांत अशा वेळी उरलेल्या एकाला वार करावा की साथीदाराच्या तोंडात औषध ओतावे, हे आपल्या एकाच पाळीत ठरवावे लागे. म्हणून घूलसारखे, पंजा लागल्यावर पात्राला जखडून टाकू शकणारे राक्षस येथे एक्सपीवरून दिसतात त्याहून फार घातक ठरतात. एकट्या खेळाडूसमोर ते आणूच नयेत.