धूपगडाची तहान

नवतपा लागला की नागपूरकराला दोनच गोष्टी सुचतात. कूलरसमोर पडून राहायचं, नाहीतर पचमढी गाठायची. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया करत मटकुली आली की घाट सुरू होतो आणि गाडीच्या काचा खाली येतात. ही वाट आपल्याला नवी नाही. १८६१ साली मध्य प्रांत झाला, राजधानी नागपूर ठरली, आणि पुढे उन्हाळ्यात सरकारच पचमढीला मुक्काम हलवू लागलं. विदर्भातले भाविक तर खांद्यावर त्रिशूळ घेऊन, ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणत पिढ्यानपिढ्या पचमढीजवळचा महादेवाचा चौरागड चढत आले आहेत.

पचमढीजवळचा धूपगड सुमारे १,३५० मीटर उंच आहे. सातपुड्यात त्याच्याहून उंच शिखर नाही. नागपूर ३१० मीटरवर. हवा वर चढते तशी तिच्यावरचा दाब घटतो, ती पसरते आणि पसरताना थंड होते. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश, असा हिशेब. म्हणजे आपल्याकडे पारा ४५ वर असेल तेव्हा धूपगडावर तो ३८च्या आसपास असायला हवा. दाब कमी म्हणून तिथे पाणीही ९५-९६ अंशांनाच उकळतं आणि डाळ शिजायला जास्त वेळ घेते.

माथ्यावर संध्याकाळी गर्दी होते ती सूर्यास्तासाठी. माणूस भोवतालच्या मुलखाहून हजार मीटर उंच उभा असला, की त्याचं क्षितिज जवळजवळ एक अंश खाली सरकतं. तेवढा अंश उतरायला सूर्याला चार मिनिटं लागतात. पायथ्याच्या गावात दिवस मावळलेला असतो आणि वर मात्र ऊन उरलेलं असतं. हिंदीत धूप म्हणजे ऊन; धूपगड हे नाव त्याला शोभतं.

पण मला या डोंगरातलं सर्वांत नवल वाटतं ते त्याच्या दगडाचं. आपल्या सीताबर्डीची टेकडी काळ्या पाषाणाची, लाव्हा थिजून झालेली. धूपगड वाळूचा आहे. सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी इथे नद्या वाहत होत्या. त्यांनी आणलेली वाळू खचत्या खोऱ्यात थरावर थर साचली, दाबली गेली, लोहाच्या ऑक्साइडनं आणि मातीनं तिचे कण सांधले गेले. तोच तांबूस रंग आजही कड्यांवर दिसतो. खूप नंतर हा सारा भाग वर उचलला गेला. नदीच्या तळाची वाळू आज सातपुड्याच्या माथ्यावर आहे! कामठीकडचा तांबूस वालुकाश्मही गोंडवन नावाच्या याच खडककुळातला, थोडा जुना.

एकदा भाचीला हे सांगत होतो. तिनं बाटलीतलं पाणी दगडावर ओतलं आणि विचारलं, “मामा, पाणी गेलं काहून?” दगडानं ते पिऊन टाकलं होतं. वाळूच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यांत ते मुरतं. भेगांमधून आणखी खोल जातं आणि कित्येक महिन्यांनी खालच्या दरीत झरा होऊन बाहेर पडतं. पचमढीत पाऊस नागपूरच्या जवळपास दुप्पट, वर्षाला सुमारे दोन मीटर. तो सगळा पावसाळ्यातच वाहून गेला असता, तर दऱ्यांतले वृक्षनेचे, म्हणजे झाडासारखे वाढणारे नेचे, आणि कड्याच्या सावलीतलं शेवाळ मेपर्यंत जगलंच नसतं.

म्हणून पर्यटनविकासाची कुठलीही योजना निघाली की माझा पहिला प्रश्न असतो, वर किती जमीन झाकली जाणार? एक एकर पार्किंगवर काँक्रीट टाकलं, तर वर्षाला तिथे पडणाऱ्या सुमारे ८० लाख लिटर पावसातलं जे पाणी मुरायचं, ते मुरायचं थांबतं. ते नाहीसं होत नाही. एका बाजूनं जोरात निसटतं, उताराची माती कापतं आणि काही तासांत देनवा नदीत जाऊन पडतं. तिथून तवा, पुढे नर्मदा.

काँक्रीट नसलं तरी आपले पाय पुरेसे आहेत. हजारो पावलांखाली मातीतल्या पोकळ्या दबतात, गवताची मुळं तुटतात, वाट घट्ट होते. पहिल्या जोराच्या पावसात पायवाटेचा ओहळ होतो, मग घळ. त्यात माणसं चिखल चुकवायला कडेनं चालतात आणि वाट आणखी रुंदावते. दगडावर नावं कोरणाऱ्यांना मी हात जोडून थांबवलं आहे. वरची टणक पापुद्री गेली की आतली वाळू बोटानंही झडते.

धूपगड व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे. तिथे आपली गाडी नेता येत नाही, परवान्याची जिप्सी घ्यावी लागते. यावर लोक कुरकुरतात, पण मला हा नियम फार मोलाचा वाटतो. गाड्या कमी म्हणजे रुंद रस्ता नको, मोठं पार्किंग नको. पचमढीच्या डोंगरातल्या नागद्वार यात्रेचंही तसंच. नागपंचमीच्या आसपासचे मोजके दिवस ती वाट खुली होते आणि नंतर वर्षभर तिला विसावा मिळतो. मला वाटतं, यात्रेच्या त्या दिवसांत विदर्भातून जाणाऱ्या मंडळांनी प्लास्टिकच्या पत्रावळींऐवजी पळसाच्या पानांच्या न्याव्यात आणि उरलेला कचरा त्याच गाडीतून परत आणावा; एवढं तर आपल्या हातचं आहे. सज्जे, रेलिंग, उपाहारगृहं हवीत तर ती खाली पचमढी गावात असावीत. माथ्यावर सूर्यास्त पाहायला उभं राहण्यापुरती जागा पुरते.

आम्ही उतरलो तेव्हा अंधार पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बी फॉलला गेलो. मे महिन्याचं ऊन होतं, चार महिने पावसाचा मोठा थेंब नव्हता, आणि कड्यावरून पाणी पडत होतं. भाचीनं ओंजळ भरली. गार होतं.