इंजेक्टर संपला की पंप संपला? दोन्ही लीनच दाखवतात, पण एक नाहीत

ई८५ वर (साधारण ८५ टक्के इथेनॉल असलेलं इंधन) चालणारी टर्बो ड्रॅग गाडी, वरच्या आरपीएमला लीन जाते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, लॉगमध्ये (रनमध्ये नोंदलेल्या आकड्यांत) इंजेक्टरची ड्यूटी सायकल ९८ टक्के, आणि लगेच सगळ्यांचं एकमत, इंजेक्टर छोटे पडले, मोठे टाक. मग मोठे इंजेक्टर येतात, ट्यून नव्याने होतं, ड्यूटी ६५ वर येते, सगळे खूश, आणि पुढच्या रनला गाडी त्याच आरपीएमला तशीच लीन. आता म्हणे ट्यूनर चुकला. अरे बाबांनो, ट्यूनर नाही चुकला, पंप संपलाय, आणि तो आधीपण संपलेलाच होता.

इंजेक्टरची मर्यादा बहुतेकांना माहीत असते म्हणून भरभर सांगतो. फोर स्ट्रोकमध्ये इंजेक्टरला दोन फेऱ्यांमागे एकदाच संधी मिळते, ६००० आरपीएमला २० मिलिसेकंद, ८००० ला १५. त्यातला किती टक्के वेळ तो उघडा आहे ती ड्यूटी. ८५ च्या वर गेलात की पुढच्या वेळी उघडायच्या आधी नीट बंद व्हायला वेळच उरत नाही, मग तुम्ही पल्स (एका वेळी उघडा ठेवायचा वेळ) थोडा वाढवता आणि इंधन किती वाढेल याचा काही भरवसा नसतो, आणि १०० ला तो नुसता उघडा नळ, त्यापुढे ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) कितीही मागितलं तरी शून्य फरक. "सात-आठ सेकंदांचाच तर रन आहे, १०० टक्के चालून जातं" असं म्हणणारे मला अजिबात पटत नाहीत. १०० ला एकेका सिलिंडरला ट्रिम (थोडं कमी-जास्त इंधन) द्यायची सोय संपते आणि आठातला सगळ्यात कमी फ्लो देणारा इंजेक्टर कुठला आहे ते तुम्हाला थेट पिस्टन सांगतो.

इथेनॉलने हे सगळं लवकर येतं एवढंच. पेट्रोलला स्टॉइक (पूर्ण जळायला लागणारं हवा-इंधनाचं वजनी प्रमाण) १४.७, शुद्ध इथेनॉलला ९, ई८५ ला साधारण ९.८, म्हणजे तेवढ्याच हवेला, त्याच लॅम्डाला (प्रत्यक्ष प्रमाण भागिले स्टॉइक, १ च्या खाली म्हणजे रिच, इंधन जास्त), आकारमानात ४० टक्क्यांहून थोडं जास्तच इंधन लागतं. (आणि कृपा करून ई८५ वर पेट्रोलच्या एएफआरमध्ये (हवा-इंधनाच्या आकड्यात) भांडू नका, गेजवर ११.५ दिसतंय म्हणजे लॅम्डा ०.७८ आहे, बास, लॅम्डात बोला.)

आता खरा घोळ.

इंजेक्टरमधून किती इंधन जाणार हे दोन गोष्टींवर ठरतं, किती वेळ उघडा आहे आणि त्याच्या दोन टोकांमधल्या प्रेशरचा फरक किती आहे. पहिली गोष्ट सगळे बघतात. दुसरी कोणी बघत नाही, किंवा बघतात ती चुकीची बघतात, म्हणजे रेलवरचं (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीवरचं) गेज. गेजवर ६५ पीएसआय दिसलं की "प्रेशर मस्त आहे". अहो मस्त कुठलं, इंजेक्टरचं तोंड मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात) आहे आणि तिथे ३० पीएसआय बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचं प्रेशर, आहे, म्हणजे इंजेक्टरला मिळतंय फक्त ३५. बेस प्रेशर ४३.५ ठेवलं असेल, म्हणजे ३ बार, ज्यावर बहुतेक इंजेक्टरचा फ्लो मोजलेला असतो, तर ३० बूस्टला रेलमध्ये ७३.५ पाहिजे. ६५ म्हणजे साडेआठ पीएसआय गायब, आणि गेजवर मात्र आयडलपेक्षा कितीतरी जास्त आकडा दिसतोय म्हणून सगळे निवांत. बूस्टची होज रेग्युलेटरला (रेलचं प्रेशर ठरवणाऱ्या झडपेला) लावलेलीच नसेल तर विचारूच नका, ३० बूस्टला फरक उरतो १३.५ आणि फ्लो निम्म्याहून जरासाच जास्त.

फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाने बदलतो. यातच सगळी गंमत आहे म्हणून जरा सावकाश वाचा. समजा इंजेक्टर पुरेसे मोठे आहेत, ४३.५ च्या फरकाला ८० टक्के ड्यूटीत काम भागतंय. आता पंप दमला आणि फरक ३३ वर आला, फ्लो १३ टक्के कमी. ईसीयू क्लोज्ड लूपमध्ये (सेन्सरचा लॅम्डा बघून इंधन सुधारत) असेल किंवा त्याला फ्युएल प्रेशर सेन्सर जोडून कॉम्पेन्सेशन चालू केलं असेल तर तो गप्प बसत नाही, पल्स वाढवतो, ड्यूटी जाते ९२ ला. फरक २८ वर आला की तीच ड्यूटी १००. इंजेक्टर तेच, इंजिन तेच, बूस्ट तेच, आणि लॉगमध्ये इंजेक्टर "फुल" झालेला. म्हणजे ड्यूटी १०० हा काही इंजेक्टर छोटा असल्याचा पुरावा नाही, तो कधी कधी पंपाच्या आजाराचा ताप असतो.

आणि ईसीयूने पल्स वाढवून पंप दमल्यावर उपयोगही काही नाही. पंपाची क्षमता शिल्लक असते तोवर जादाचं इंधन रेग्युलेटरमधून टाकीत परत जात असतं, रिटर्न चालू असतो. मागणी वाढत गेली की रिटर्न कमी कमी होत शून्यावर येतो, रेग्युलेटर पूर्ण बंद, आणि तिथून पुढे प्रेशरवर रेग्युलेटरचं काहीही चालत नाही. पंप जेवढं देईल तेवढंच इंजिनात जाणार, तुम्ही इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवलात तर रेलचं प्रेशर आणखी पडेल, एवढंच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मोठे इंजेक्टर टाकले तरी तेच, ड्यूटीचा आकडा छान दिसतो आणि लॅम्डा जिथे होता तिथेच.

उलट, इंजेक्टर खरंच संपला असेल तर चित्र वेगळं दिसतं. फरक ४३.५ वर सरळ रेषेत, हलत नाही, आणि ड्यूटी ९०, ९५, १०० अशी आरपीएमबरोबर चढत जाते, आणि १०० ला टेकल्यावरच लॅम्डा सुटायला लागतो. ७२०० ला १०० झाली असेल तर ८००० ला दर सायकलला १० टक्के कमी वेळ मिळणार, १६.७ मिलिसेकंदांऐवजी १५, त्यामुळे हवा तेवढीच धरली तर ०.७८ चा लॅम्डा ०.८७ च्या आसपास जातो. हे लीन होणं शिस्तीत असतं, आरपीएमला बांधलेलं. पंपाचं तसं नसतं, तिथे ड्यूटी १०० व्हायच्या आधीच फरक खाली यायला लागलेला असतो, आणि जसजसा रन पुढे जातो, व्होल्टेज पडतं, तसतसं बिघडत जातं. आधी काय बिघडलं, प्रेशर की लॅम्डा, हे एकाच लॉगमध्ये एकाखाली एक लावून बघा. फ्युएल प्रेशर आणि मॅनिफोल्ड प्रेशर दोन्ही लॉग करा, वजाबाकीचं एक मॅथ चॅनल बनवा, आणि ड्यूटीच्या आधी ते बघायची सवय लावा. ज्या गाडीत फ्युएल प्रेशर लॉगच होत नाही त्या गाडीच्या इंजेक्टरबद्दल मला प्रश्न विचारू नका, खरंच.

क्लोज्ड लूप नाही आणि कॉम्पेन्सेशनही नाही अशा ईसीयूवर तिसराच प्रकार होतो. ड्यूटी ८० वरच राहते, लॅम्डा लीन, आणि लोक व्हीई टेबलमध्ये (इंजिन किती हवा घेतं त्याच्या ईसीयूतल्या तक्त्यात) इंधन भरत बसतात. तेवढ्या आरपीएमला, तेवढ्या बूस्टला टेबलात डोंगर तयार होतो जो इंजिनाचा नाहीच, पंपाचा आहे. मग थंड टाकीने पहिला रन मारला की गाडी गचाळ रिच.

बेस प्रेशर वाढवायचा सल्लाही आंधळेपणाने दिला जातो. ३ बारचं ४ बार केलं तर इंजेक्टर साधारण १५ टक्के जास्त देतो, हे खरं, आणि इंजेक्टर संपला असेल आणि पंपाला दम असेल तर हा स्वस्त उपाय आहे (डेड टाइमचा, म्हणजे सिग्नल मिळूनही इंजेक्टर उघडायला लागणाऱ्या वेळेचा, डेटा नव्या प्रेशरचा भरा, तेवढं विसरू नका). पण पंपाचा फ्लो प्रेशर वाढलं की कमी होतो. पंपच संपलेला असेल तर बेस वाढवून तुम्ही त्याला आणखी लवकर मारताय. तोच उपाय एका आजारावर औषध आणि दुसऱ्यावर विष, म्हणून आधी ठरवा कुठला आजार आहे.

प्रेशरची रेषा लाँचला किंवा गिअर बदलताना दातेरी, वरखाली उड्या मारत दिसली तर तो पंपही नाही, टाकीतलं इंधन मागे जाऊन पिकअप उघडा पडतोय, सर्ज टँक (पिकअप कायम बुडालेला ठेवणारी छोटी टाकी) किंवा टाकीला नीट सम्प (तळाचा खोलगट भाग) बघा. हळूहळू उतरणारी रेषा म्हणजे पंप, वायरिंग किंवा तुंबलेला फिल्टर. जुन्या टाकीत पहिल्यांदा इथेनॉल भरलं की ते वर्षानुवर्षांचा चिकटा सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकतं, तेव्हा नवा पंप घ्यायच्या आधी फिल्टर उघडून बघा. कागदी फिल्टर तर काढूनच टाका, स्टीलच्या जाळीचा घाला. पंपाला व्होल्टेज किती मिळतंय ते पंपाच्या कनेक्टरवर मोजा, बॅटरीवर नाही, आणि गाडीला अल्टरनेटर नसेल तर रनच्या शेवटीचं मोजा. व्होल्टेज पडलं की पंप कमी देतोच, शिवाय इंजेक्टरचा डेड टाइमही वाढतो.

आकडेमोड एकत्रच करा, इंजेक्टरची वेगळी आणि पंपाची "बघू नंतर" असं नको. ई८५ वर टर्बो इंजिनाला एका हॉर्सपॉवरला ताशी साधारण ०.३८५ किलो धरा. १००० हॉर्सपॉवरला ३८५ किलो, म्हणजे ताशी ४९० लिटर. आठ इंजेक्टरमध्ये वाटलं तर प्रत्येकी मिनिटाला हजार सीसीच्या थोडं वर, आणि ८५ टक्के ड्यूटी ठेवायची तर १२०० सीसीचा इंजेक्टर लागतो. हा हिशोब सगळे करतात. त्याच ४९० लिटरला समोर एकच पंप, ज्याच्या डब्यावर ४५० लिहिलंय आणि तेही ३ बारच्या आसपासचं, हे मात्र कोणाला खटकत नाही. तुमच्या रेलमध्ये ३० बूस्टला ५ बार असणार आहे. पंपाचा ग्राफ काढा, ५ बारच्या रेषेवर, रनच्या शेवटी मिळणाऱ्या व्होल्टेजला तो किती देतो ते वाचा, वर २० टक्के जागा ठेवा, आणि एक पुरत नसेल तर दोन पंप लावा. इंजेक्टरची ऑर्डर त्यानंतर.