जुन्या मसल कारमधील स्पीडोमीटरची दुरुस्ती

मध्यम आकाराच्या गाडीत मोठे व्ही-८ इंजिन बसवून १९६० च्या दशकाच्या मध्यापासून १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेत ज्या वेगवान गाड्या विकल्या गेल्या, त्यांना मसल कार म्हणतात. १९६४ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ ही त्यांतील आद्य गाडी सर्वसाधारणपणे मानली जाते. या गाड्यांतील यांत्रिक स्पीडोमीटर आज अनेकदा चुकीचा वेग दाखवतो. मात्र चूक काट्यामागच्या यंत्रातच असेल असे नाही. ती बऱ्याचदा बदललेल्या टायरांत किंवा मागच्या आसात (अ‍ॅक्सलमध्ये) असते, म्हणून डॅशबोर्ड उघडण्याआधी तिचे स्थान निश्चित करणे हाच या दुरुस्तीचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय.

गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या दंडावरील चालक चाक एका लहान दातेरी चाकाला, म्हणजे चालित चाकाला, फिरवते आणि त्या चाकाला जोडलेली लवचीक केबल डॅशबोर्डापर्यंत जाते. एका मैलात केबलचे सुमारे १,००० फेरे व्हावेत, अशी अमेरिकी गाड्यांत सर्वसाधारण योजना असे. केबलच्या टोकाला फिरणारा चुंबक अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत विद्युतप्रवाह निर्माण करून तिला आपल्यामागे ओढतो, बारीक कमान (स्प्रिंग) तिला रोखून धरते आणि या दोन बलांचा जेथे तोल साधतो तेथे काटा स्थिरावतो. या तत्त्वाचे पेटंट ओटो शुल्त्से यांनी १९०२ मध्ये जर्मनीत घेतले. ओडोमीटर, म्हणजे कापलेले एकूण अंतर मोजणारा भाग, मात्र त्याच केबलवरून थेट दात्यांनी फिरतो. चुंबकाच्या किंवा कमानीच्या दोषाचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही.

निदान या फरकावरच आधारलेले आहे. महामार्गावरील मैलांच्या खुणांशी किंवा जीपीएसशी ताडून पाहता ओडोमीटर आणि काटा दोन्ही सारख्याच टक्केवारीने चुकत असतील, तर दोष दात्यांच्या गुणोत्तरात आहे. ओडोमीटर बरोबर असून काटाच चुकत असेल, तर दोष यंत्रात आहे. काटा थरथरत असेल, तर आधी कोरडी पडलेली किंवा मुरडलेली केबल तपासावी. तिला वंगण देताना हात आखडता ठेवावा, कारण जास्तीचे वंगण वर चढून वाटीपर्यंत पोहोचते आणि काटा अडकवते.

गुणोत्तर बिघडण्याची कारणे या गाड्यांच्या इतिहासातच आहेत. ड्रॅग शर्यतीसाठी, म्हणजे थोड्या सरळ अंतरावरील वेगाच्या शर्यतीसाठी, अनेक मालकांनी मागच्या आसाचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्सच्या दंडाचे होणारे फेरे) वाढवले आणि मूळच्या बायस-प्लाय टायरांच्या जागी पुढे वेगळ्या व्यासाचे रेडियल टायर आले. आसाचे गुणोत्तर ३.०८ वरून ३.७३ झाले, की इतर काही न बदलता काटा सुमारे २१ टक्के जास्त दाखवू लागतो, म्हणजे खऱ्या ताशी ६० मैल वेगाला जवळजवळ ७३. मोठ्या टायरांचा परिणाम याच्या उलट होतो.

उपाय म्हणजे चालित चाक बदलणे. चालक चाकाचे दाते, आसाचे गुणोत्तर आणि टायरचे प्रति मैल फेरे यांच्या गुणाकाराला १,००० ने भागले, की चालित चाकाला हवे असलेले दाते मिळतात. चालक चाकाला ८ दाते आणि टायरचे मैलाला ७७५ फेरे धरल्यास ३.०८ साठी १९ आणि ३.७३ साठी २३ दात्यांचे चाक लागते. दाते पूर्णांकातच मिळत असल्याने अशा चाकात एका दात्याचा फरक सुमारे ५ टक्क्यांचा पडतो आणि थोडी चूक उरू शकते. क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्ससाठीच्या चालित चाकांना दाते जास्त असल्याने तेथे मेळ अधिक बारकाईने बसतो. पण चाकाचे घर केंद्रापासून सरकवलेले असल्यामुळे त्यावरील २६–३१, ३२–३८ आणि ३९–४५ या दात्यांच्या संख्येच्या खुणांपैकी योग्य खूण साधूनच ते बसवावे लागते, नाहीतर दाते नीट न जुळता झिजतात. आवश्यक दात्यांचे चाक मिळतच नसेल, तर केबलच्या मार्गात गुणोत्तर बदलणारी छोटी दातेरी पेटी बसवतात.

काटा उपटून थोडा मागे बसवण्याची पळवाट टाळावी. गुणोत्तराची चूक वेगाच्या प्रमाणात वाढते, तर सरकवलेला काटा प्रत्येक वेगाला तेवढाच फरक पाडतो. त्यामुळे ताशी ३० मैलांना जुळलेले माप ७० मैलांना पुन्हा चुकते. क्षीण झालेला चुंबक पुन्हा भारणे आणि कमानीचा ताण जुळवणे ही कामे तपासणी-यंत्र असलेल्या कारागिराकडेच सोपवावीत. अशा दुरुस्तीत ओडोमीटरवरील जुना आकडा कायम ठेवता येत नसेल, तर अमेरिकी संघीय कायद्यानुसार तो शून्यावर आणून आधीचे मैल व दुरुस्तीची तारीख नोंदवणारी पट्टी डाव्या दाराच्या चौकटीवर लावावी लागते.