पहिल्यात टायर फिरतो, मग चौथ्यात क्लच का जातो?

रीमॅप करून, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, जेमतेम आठवडा झाला होता, खंबाटकी घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर आरपीएमचा काटा २,२०० वरून सरळ ३,५०० ला गेला आणि स्पीड मात्र तेवढाच, इंजिन नुसतं ओरडतंय आणि थोड्याच वेळात गाडीत जळकट वास. क्लच, म्हणजे इंजिनाला गिअरबॉक्सशी जोडणारी प्लेट, स्लिप होत होता, घसरत होता. पण पहिल्या गिअरमध्ये, जिथे गाडी सगळ्यात जोरात उसळी घेते, तिथे क्लचला काहीच झालं नव्हतं, मग चौथ्यातच का? हे एकदा समजलं की गाडीवर पैसे कुठे टाकायचे हेही समजतं, म्हणून जरा खोलात जाऊन लिहितोय.

आधी इंजिन, आणि इंजिनात सगळा खेळ हवेचा. जास्तीचं पेट्रोल सोडणं सोपं आहे, पण एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. एक लिटर हवेचं वजन भरतं साधारण १.२ ग्रॅम, म्हणजे तेवढ्या हवेत पेट्रोल जळणार ०.०८ ग्रॅम, बस्स. टर्बो, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारा पंप, नसलेलं इंजिन वातावरणाच्या दाबावर मिळेल तेवढीच हवा ओढतं, म्हणून तर साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरला हवा १२ टक्के विरळ झाली की अशी गाडी मलूल पडते. तिला रीमॅप करून हाती फारसं काही लागत नाही, आणि उघडा एअर फिल्टर बसवला तर आवाज वाढतो, पिकअप नाही, उलट बोनेटखालची तापलेली हवा आत गेली तर आहे तेही कमी होतं.

टर्बोचं वेगळं. तिथे बूस्ट, म्हणजे हवेचा हा दाब, वाढवला की त्याच सिलेंडरमध्ये जास्त हवा कोंबता येते, माझ्या एक लिटरच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १७५ वरून २२० एनएमच्या (न्यूटन-मीटरच्या) आसपास गेला तो असाच. पण दाबलेली हवा तापते, आणि स्पार्कची ज्योत पोचायच्या आधीच सिलेंडरच्या कडेचं मिश्रण आपणहून भडकतं, हेच नॉकिंग. नॉक सेन्सरला ते कळलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्पार्क उशिरा देतो आणि ज्या ताकदीचे पैसे दिले तीच गायब होते. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा जितका जास्त तितकं ते नॉकिंगला जास्त दाद देत नाही, म्हणून ९५ ऑक्टेनसाठी बनवलेला मॅप (ईसीयूचं सेटिंग) असेल तर ९५ च भरा, कमी ऑक्टेनचं भरून काटकसर करू नका.

आता मूळ प्रश्न. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्स आणि चाकांमधली शेवटची गिअरची जोडी) मिळून टॉर्क साधारण १३ पट होतो. रीमॅपच्या आधीचे १७५ एनएम धरले तरी ३० सेंटीमीटर त्रिज्येच्या चाकाशी जोर होतो ७,५०० न्यूटन, म्हणजे साडेसातशे किलोच्या वर. पुढच्या चाकांवर माझ्या गाडीचं वजन पडतं साडेसहाशे-सातशे किलो, आणि कोरड्या रस्त्यावर चांगला टायर त्याच्या ९० टक्क्यांच्या आसपासच पकड देतो, पावसात तर निम्मी. म्हणजे कंपनीची ताकदसुद्धा रस्त्यावर पूर्ण टेकत नाही, टायर जागच्या जागी फिरतो, आणि टायर असा फिरला की क्लचवरचा ताण सुटतो. चौथ्यात टॉर्क फक्त चौपट होतो, २२० एनएम धरूनही चाकाशी तीनशे किलोच, ते टायर आरामात पेलतो. मग सुटायला एकच जागा उरते, ती क्लच.

गिअरबॉक्स उतरवल्यावर मेकॅनिकने क्लचप्लेट हातात दिली. कडेला निळसर-जांभळे डाग, लायनिंग आरशासारखं गुळगुळीत, नखाने खरवडलं तरी काही लागेना. क्लच किती टॉर्क पेलणार हे ठरतं लायनिंगच्या घर्षणावर, क्लचप्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या दाबावर आणि प्लेटच्या त्रिज्येवर. एकदा घसरला की तापतो, तापला की घर्षण कमी, की अजून घसरतो. ऑटोमॅटिकवाल्यांनीही आपला गिअरबॉक्स किती टॉर्क पेलतो हा आकडा बघावाच, फोक्सवॅगन-स्कोडाचा ड्राय क्लचवाला डीक्यू२०० गिअरबॉक्स २५० एनएमपर्यंतच बनवलेला आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत, रोजच्या गाडीला पहिला खर्च टायरचा, मग क्लच तपासून घ्या, मग रीमॅप. टर्बो नसेल तर रीमॅपचा नाद सोडा, मिळत असेल तर छोटा, म्हणजे टॉर्क जास्त पटींनी वाढवणारा, फायनल ड्राइव्ह बघा, १० टक्क्यांचा फरक केला तर प्रत्येक गिअरमध्ये चाकाशी १० टक्के जास्त जोर, फक्त हायवेला ३,००० वर चालणारं इंजिन ३,३०० वर चालेल. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायला मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका, त्याने सगळा विषारी धूर मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर जातो. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरसीवरची माहिती मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल असे बदल करता येत नाहीत, तेव्हा काम करायच्या आधी आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्यांना विचारून घ्या.

मी रेसचा क्लच घेतला नाही, तो पेडल इतकं जड करतो की सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये गुडघा बोलायला लागेल. थोड्या जास्त दाबाची प्रेशर प्लेट घेतली आणि २,५०० च्या खालचा टॉर्क मॅपमध्ये कमी करून घेतला. खंबाटकीला आता तिसरा टाकतो. चौथ्यात २,२०० ला २२० एनएम लावून जी ताकद मिळते, तीच तिसऱ्यात ३,१०० ला १५६ एनएमवर मिळते, आणि क्लचला पेलायचे असतात ते हे एनएमच.